ढालकिड्याची अळी मारण्यापूर्वी ओळखा

प्रश्न : करडईवर मावा पडला आहे. शेंड्यांवर लाल ढालकिडे (लेडीबर्ड) दिसतात. पण त्यांच्याबरोबर काळपट, नारिंगी ठिपक्यांच्या, सहा पायांच्या अळ्याही भराभर फिरत आहेत. ही वेगळी कीड आहे का आणि तिच्यासाठी निराळे औषध मारावे का? (एक शेतकरी, सोलापूर जिल्हा)

उत्तर : कृपया औषध मारू नका. त्या अळ्या ढालकिड्याच्याच आहेत आणि भुंगेऱ्यांच्या, म्हणजे पूर्ण वाढलेल्या ढालकिड्यांच्या, बरोबरीने त्याही तुमच्या करडईवरचा मावा (रस शोषणारे बारीक किडे) खात आहेत. लाल भुंगेरा सर्वांच्या ओळखीचा असतो, त्याची अळी मात्र फारच थोड्यांना ओळखू येते. म्हणून शेतातल्या मित्रकीटकाचा नाश बहुतेक वेळा अळीच्या अवस्थेतच आपल्या हातून होतो आणि ही फार मोठी हानी आहे.

फुलपाखराप्रमाणे ढालकिड्याच्या आयुष्यातही अंडे, अळी, कोष आणि भुंगेरा अशा चार अवस्था असतात. मादी मावा असलेल्या जागेजवळ, बहुधा पानाच्या खालच्या बाजूस, दोन्ही टोकांना निमुळती असलेली पिवळी अंडी उभी, एकमेकांना खेटून घालते; एका पुंजक्यात साधारण दहापासून पन्नासपर्यंत अंडी असतात. उबदार हवेत तीन-चार दिवसांत ती काळपट पडून फुटतात. बाहेर पडणारी अळी इतकी लहान असते, की पहिला मावा पकडण्यासाठीही तिला झगडावे लागते आणि बऱ्याच अळ्या याच टप्प्यावर उपासमारीने मरतात. जी अळी तगते ती तीनदा कात टाकून वाढते, म्हणजे अळीपणाचे चार टप्पे होतात, आणि अळीपणात खाल्लेल्या एकूण माव्यापैकी निम्म्याहून अधिक मावा ती शेवटच्या, चौथ्या टप्प्यात फस्त करते. आज तुम्हाला ज्या ठसठशीत अळ्या दिसत आहेत, त्या बहुधा याच टप्प्यातल्या असाव्यात.

पूर्ण वाढलेली अळी खाणे थांबवते, शेपटीकडचे टोक पानाला चिकटवते आणि शेवटची कात टाकून कोषात जाते. हा नारिंगी-काळा कोष पानावर उघडाच असतो. त्याला स्पर्श झाला, तर तो पुढचा भाग झटक्याने वर उचलतो. अंगात अंडी घालू पाहणाऱ्या परजीवी कीटकांना हुसकावण्याचा तेवढाच उपाय त्याच्यापाशी असतो. चार ते सहा दिवसांनी बाहेर येणारा भुंगेरा मऊ, फिकट पिवळा आणि बिनठिपक्यांचा असतो. पुढच्या काही तासांत पंखांवरचे कवच टणक होते आणि ठिपके उमटतात. सात ठिपक्यांचा भुंगेरा जन्मभर सात ठिपक्यांचाच राहतो. त्यामुळे ठिपक्यांवरून वय मोजता येते या समजुतीला आधार नाही. सुमारे 25 अंश सेल्सिअस तापमानात अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंतचा हा प्रवास दोन ते तीन आठवड्यांत पुरा होतो, तर थंडीत तो लांबतो.

फवारणीचा निर्णय घेण्यापूर्वी शेतात फिरून माव्याबरोबर ढालकिड्याच्या अळ्या, कोष आणि अंड्यांचे पुंजकेही पाहा. माव्याच्या माद्या नराशिवाय, थेट पिल्लांना जन्म देत वाढतात, त्यामुळे हंगामाच्या सुरुवातीस मावा पुढे आणि ढालकिडा मागे असे घडतेच. अळ्या भरपूर असतील, तर थोडे थांबणे शहाणपणाचे ठरते. मावा पसरत असून अळ्या विरळ असतील, तर आधी 5 टक्के निंबोळी अर्काचा विचार करावा. अनेक प्रकारच्या कीटकांना सरसकट मारणारी औषधे मावा आणि ढालकिडा दोघांनाही संपवतात, आणि नंतर मावाच आधी परततो.

प्रश्न : आमच्या गच्चीवरील कण्हेरीवर ढालकिड्यांनी अंडी घातली होती. अंड्यांतून बाहेर आलेल्या अळ्या शेजारची अंडीच खाऊ लागल्या. असे का होते? आणि एक मादी एकूण किती अंडी घालते? (सातवीतील एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : तू जे पाहिलेस ते अगदी खरे आहे आणि इतक्या बारकाईने पाहिल्याबद्दल तुझे मनापासून कौतुक.

ढालकिड्यात नर-मादीचा रंग बहुधा सारखाच असतो, मादी थोडी मोठी असते. नर मादीच्या पाठीवर बसतो आणि हे मिलन कित्येकदा काही तास चालते. मादी एकाहून अधिक नरांशी मिलन करते आणि मिळालेले शुक्राणू शरीरातील एका पिशवीत साठवून ठेवते, त्यामुळे एका मिलनानंतर बरेच दिवस ती फलित अंडी घालू शकते. अंडी किती होतील हे मात्र तिच्या आहारावर ठरते. मावा मुबलक असेल, तर ती आयुष्यात काहीशे अंडी घालते, काही जातींत ही संख्या हजाराच्याही पुढे जाते. मावा नसेल, तर अंडी तयार होणेच थांबते.

आता अंडी खाण्याविषयी. आधी बाहेर आलेल्या अळीला लगेच मावा सापडेलच असे नाही. शेजारचे न फुटलेले अंडे हे तिचे पहिले अन्न असते आणि त्याच्या बळावर ती जास्त दिवस तग धरून शिकार शोधू शकते. पुष्कळदा खाल्ली जाणारी अंडी फलित नसलेली असतात, पण उशिरा उबणारी निरोगी अंडीही या तडाख्यातून सुटत नाहीत. युरोपातील दोन ठिपक्यांच्या ढालकिड्यात तर याहून विलक्षण प्रकार आढळतो : काही माद्यांच्या शरीरात राहणारे जिवाणू त्यांच्या नर संततीला अंड्यातच मारतात, आणि त्या अंड्यांवर त्यांच्या बहिणी पोसल्या जातात. जिवाणू आईकडून मुलीकडे जातात, मुलाकडून पुढे जात नाहीत. म्हणून नर मेले तरी जिवाणूंचे काही बिघडत नाही.

मादीही या धोक्याबाबत बेसावध नसते. अळ्या चालताना मागे जो रासायनिक माग सोडतात, तो तिला कळतो, आणि जिथे आपल्या जातीच्या अळ्या आधीच फिरून गेल्या आहेत तिथे अंडी घालणे ती टाळते. पुढच्या वेळी भिंग घेऊन पाहा. कोणत्या पानांवर अंडी आहेत आणि कोणत्या पानांवर अळ्या, याची नोंद ठेवलीस तर शाळेच्या प्रकल्पासाठी उत्तम विषय मिळेल.

प्रश्न : ढालकिडे मित्र असतील, तर आमच्या वांग्याच्या पानांची जाळी कोण करत आहे? तिथेही ठिपक्यांचे भुंगेरेच दिसतात. (एक वाचक, सातारा)

उत्तर : तो हड्डा भुंगेरा आहे. तो ढालकिड्यांच्याच कुळातला असला तरी शाकाहारी आहे आणि वांगी, बटाटा, कारले यांच्या पानांचा हिरवा भाग खरवडून शिरा तेवढ्या शिल्लक ठेवतो. त्याची पाठ मंद तांबूस असते, तिच्यावर बारीक लव असते आणि पुष्कळदा 28 ठिपके असतात. मित्र ढालकिड्याची पाठ गुळगुळीत आणि चकचकीत असते. हड्ड्याची अळी पिवळसर असून तिच्या अंगावर फांद्या फुटलेले काटे असतात. दोघांची अंडी पिवळीच, पण हड्ड्याच्या पुंजक्यात ती थोडी अंतर राखून असतात. वांग्यावर काटेरी पिवळ्या अळ्या आणि हा अंड्यांचा पुंजका दिसला, तर ती पाने तोडून नष्ट करावीत.

प्रश्न : द्राक्षबागेत पिठ्या ढेकणासाठी (रस शोषणारी पांढरी, मेणट कीड) क्रिप्टोलिमस भुंगेरे सोडले होते. आता पिठ्या ढेकूण उलट मोठे झालेले दिसतात. काय चुकले? (एक बागायतदार, नाशिक जिल्हा)

उत्तर : तुम्ही पाहिलेले ‘मोठे पिठ्या ढेकूण’ बहुधा क्रिप्टोलिमसच्या अळ्या असाव्यात. त्यांच्या अंगावर पांढऱ्या मेणाचे लांब तंतू असतात, त्यामुळे त्या आपल्या भक्ष्यासारख्याच दिसतात. काडीने हळूच ढोसून पाहा : पिठ्या ढेकूण जेमतेम सरकतो, अळी मात्र चटकन चालू लागते. हा मूळचा ऑस्ट्रेलियातला ढालकिडा 1898 मध्ये भारतात आणला गेला. त्याची मादी पिठ्या ढेकणाच्या कापसासारख्या अंडीपुंजक्यांतच अंडी घालते आणि तिची पिढी साधारण महिनाभरात पुरी होते. तोवर बागेत कीटकनाशक फवारू नये. खोडावरून चढणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्तही आधी करावा, कारण पिठ्या ढेकणाने सोडलेल्या गोड चिकट स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि भुंगेऱ्यांना हाकलून लावतात.