वाचक विचारतात : क्रमावरून भांडू नका, बाक बघा

गेल्या महिन्यात नाशिकहून आलेल्या बेसबॉलविषयीच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : मॅनेजर संघ चुकीचा लावतो. न्यूयॉर्कला संध्याकाळी ७.०५ ला सुरू होणारा सामना तिथल्या उन्हाळी वेळेप्रमाणे आपल्याकडे पहाटे ४.३५ ला दिसतो. लॉस एंजेलिसचा ७.१० चा सामना सकाळी ७.४० ला, म्हणजे अंबड-सातपूरच्या कारखान्यांची पहिली पाळी सुरू झाल्यावर. गजर लावून उठायचं आणि आवडता खेळाडू बाकावर बसलेला पाहायचा, याचा मनस्ताप होणारच. पण तो राग नेमका कुठे काढावा, हे कळलं तर सामना पाहण्यात जास्त गोडी येते. म्हणून निवडक प्रश्नांना थोडी सविस्तर उत्तरं.

आमच्या संघातला सगळ्यात जबरदस्त बॅटर दुसऱ्या क्रमांकावर येतो आणि पहिल्यावर येणाऱ्याचे वर्षभरात पाच होमरनही होत नाहीत. मग चौथ्या क्रमांकाला ‘क्लीनअप’ (बेसवरच्यांना घरी आणून बेस साफ करणारा) म्हणतात ते कशासाठी?
— एक वाचक, इंदिरानगर

पहिल्या क्रमांकाकडून होमरनची अपेक्षा नसते. त्यानं आउट होऊ नये, एवढीच असते. ते मोजायचं माप म्हणजे ऑन-बेस टक्केवारी. हिट, वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळालेला बेस) आणि अंगावर चेंडू लागून मिळालेले बेस यांची बेरीज करायची आणि तिला अॅट-बॅट (वॉक, अंगावरचा चेंडू किंवा सॅक्रिफाइस न होता संपलेल्या पाळ्या), वॉक, अंगावर लागलेले चेंडू आणि सॅक्रिफाइस फ्लाय (झेलबाद होऊनही धाव मिळवून देणारा उंच फटका) यांच्या बेरजेनं भागायचं.

दोन बॅटर घ्या, दोघांच्या पाळ्या, म्हणजे बॅटिंगला उभं राहण्याच्या वेळा, ५९० च. पहिल्याचे ५०० अॅट-बॅट, १२५ हिट, ८० वॉक, ५ वेळा अंगावर चेंडू, ५ सॅक्रिफाइस फ्लाय. सरासरी (हिट भागिले अॅट-बॅट) फक्त ०.२५०, पण ऑन-बेस २१० भागिले ५९०, म्हणजे ०.३५६. दुसऱ्याचे ५६० अॅट-बॅट, १५७ हिट, २२ वॉक, ३ वेळा अंगावर, ५ सॅक्रिफाइस फ्लाय. सरासरी ०.२८०, पडद्यावर तोच देखणा दिसतो, पण ऑन-बेस ०.३०८. पहिला वर्षात २८ वेळा जास्त बेसवर पोचला, म्हणजेच २८ आउट त्यानं वाचवले. पहिला क्रमांक त्याचाच.

आता दुसरा क्रमांक. १६२ सामन्यांच्या हंगामात क्रमातली एकेक पायरी खाली उतरलं की साधारण १८ पाळ्या कमी मिळतात. चौथ्यावरचा बॅटर दुसऱ्यावर आणला की त्याला वर्षाला पस्तीसएक पाळ्या जास्त मिळतात. सर्वोत्तम बॅटरला त्या का देऊ नयेत? आणि तिसऱ्या क्रमांकाची एक अडचण सहसा ध्यानात येत नाही. पहिल्या दोघांची ऑन-बेस टक्केवारी ०.३२० धरली, तर दोघेही आउट होण्याची शक्यता ०.६८ गुणिले ०.६८, म्हणजे ४६ टक्के. जवळपास निम्म्या सामन्यांत तिसरा बॅटर पहिल्यांदा येतो तेव्हा दोन आउट झालेले असतात आणि बेस रिकामे असतात. तुमचा हिरा तिथे कशाला ठेवायचा?

हे सगळं खरं असलं, तरी नेहमीच्या समजुतीनं लावलेला क्रम आणि गणितानं काढलेला सर्वोत्तम क्रम यांत अख्ख्या हंगामात फार तर दहा-पंधरा धावांचा फरक पडतो. दहा धावा म्हणजे साधारण एक विजय. रोज पहाटे क्रमावरून जीव जाळण्याइतकी ती रक्कम नाही. नऊ जणांत कोण आहे आणि बाहेर कोण बसलंय, हा प्रश्न याच्या कित्येक पट मोठा आहे.

काल ज्या डावखुऱ्यानं दोन होमरन मारले, त्याला आज बसवलं. कारण काय, तर समोर डावखुरा पिचर! फॉर्म नावाची काही गोष्ट आहे की नाही?
— एक वाचक, सातपूर

डावखुऱ्या पिचरचा स्लायडर (शेवटी बाजूला वळणारा चेंडू) डावखुऱ्या बॅटरपासून दूर पळत जातो आणि उजव्या बॅटरच्या दिशेनं आत येतो. शिवाय डावखुऱ्याला चेंडू जणू पाठीमागून सुटल्यासारखा दिसतो, त्यामुळे तो उशिरा ओळखू येतो. हा तोटा उजव्या बॅटरला उजव्या पिचरसमोरही होतो, पण डावखुऱ्यांचा जास्त होतो, कारण लहानपणापासून त्यांना डावखुरे पिचर कमीच खेळायला मिळतात.

फॉर्मचा हिशेब करून पाहा. खरोखर ०.२७० चा असलेला बॅटर ५० अॅट-बॅटमध्ये सरासरी साडेतेरा हिट मारील, पण निव्वळ योगायोगानं तीन इकडे, तीन तिकडे सहज होतात. म्हणजे तोच माणूस, तीच बॅट, आणि पंधरवड्याची सरासरी ०.२०० दिसेल किंवा ०.३४०. कालचे दोन होमरन आजच्या सामन्याबद्दल फारसं काही सांगत नाहीत.

तुमची तक्रार मात्र दोन ठिकाणी रास्त ठरते. एक, ‘याला डावखुरे जमत नाहीत’ हा शिक्का साठ-सत्तर पाळ्यांवरून मारलेला असेल, तर त्याला अर्थ नाही. डावखुऱ्या बॅटरचा स्वतःचा कल भरवशानं कळायला डावखुऱ्या पिचरसमोर हजाराच्या आसपास पाळ्या लागतात, तोवर सरासरी डावखुराच गृहीत धरावा. दोन, खेळाडू बावीस-तेवीस वर्षांचा असेल आणि संघाला तो पुढची पाच-सहा वर्षं रोज खेळायला हवा असेल, तर त्याला डावखुऱ्यांपासून लपवणं चूकच. पाण्यात उतरल्याशिवाय पोहता कसं येईल? आणि त्याच्या जागी येणारा उजवा बॅटर क्षेत्ररक्षणात कच्चा असेल, तर बॅटनं मिळवलेलं आउटफिल्डमध्ये सांडून जातं. लाइनअप (त्या दिवशी खेळणाऱ्यांची यादी) आली की बदली खेळाडू कोणत्या जागेवर उभा आहे, ते आधी बघा.

ट्रिपल-ए मध्ये (मेजर लीग या सर्वोच्च लीगच्या एक पायरी खाली) पोरगा धुमाकूळ घालतोय आणि वरच्या संघात ३५ वर्षांचा गडी ०.१९० वर खेळतोय. त्याला खाली पाठवून पोराला वर आणायला अडचण काय?
— एक वाचक, नाशिकरोड

आलेल्यांत सर्वांत जास्त पत्रं याच प्रश्नाची आहेत. अडचण नियमांत आहे आणि काही वेळा पैशात.

मेजर लीगच्या संघाकडे दोन याद्या असतात. प्रत्यक्ष खेळू शकणाऱ्यांची २६ जणांची (१ सप्टेंबरपासून २८) आणि तिच्याभोवतीची ४० जणांची. पोरगा चाळीसच्या यादीतच नसेल, तर त्याला आणायला दोन जागा रिकाम्या कराव्या लागतात, एक सव्वीसमधली आणि एक चाळीसमधली. जखमी खेळाडूला १० दिवसांच्या यादीवर टाकलं की सव्वीसची जागा सुटते, चाळीसची सुटत नाही. ती सुटते ६० दिवसांच्या यादीवर टाकल्यावर.

‘खाली पाठवा’ म्हणणं सोपं, पण त्यासाठी ‘ऑप्शन’ शिल्लक लागतात. चाळीसमधल्या खेळाडूला साधारण तीन हंगाम असं खाली-वर करता येतं. हंगामात एकूण वीस दिवसांपेक्षा कमी काळ तो खाली राहिला, तर ते वर्ष मोजलं जात नाही. २०२२ पासून एका हंगामात एका खेळाडूला पाचपेक्षा जास्त वेळा खाली धाडता येत नाही. खाली गेलेला बॅटर किमान १० दिवस आणि पिचर किमान १५ दिवस परत येऊ शकत नाही. कोणी जखमी झाला आणि त्याच्या जागी आणायचं असेल, तरच सूट मिळते. ज्याची मेजर लीगमधली सेवा पाच वर्षं झाली, त्याला त्याच्या संमतीशिवाय खाली पाठवताच येत नाही.

तुमचा ३५ वर्षांचा गडी बहुधा इथेच बसतो. त्याला काढायचा म्हणजे ‘डिझिग्नेट’ करायचं. तो लगेच चाळीसमधून बाहेर पडतो आणि संघाला सात दिवसांत त्याचा सौदा करावा लागतो, वेव्हरवर टाकावा लागतो (म्हणजे इतर संघांना त्याच्यावर हक्क सांगू द्यावा लागतो) किंवा मोकळं करावं लागतं. करारातले हमीचे पैसे मात्र द्यावेच लागतात. दुसऱ्या संघानं नंतर त्याला किमान पगारावर घेतलं, तरी उरलेला भार जुन्याच संघावर. म्हणून मालक मंडळी आणखी महिनाभर वाट पाहतात.

ही वाट पाहणं नेहमीच मूर्खपणाचं नसतं. ९० अॅट-बॅटमध्ये १७ हिट म्हणजे ०.१८९. खरोखर ०.२५० च्या असलेल्या बॅटरवरही अशी वेळ साधारण नऊ वेळांत एकदा येते. सरासरी बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी बघा. स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइक होऊन आउट होण्याचं) प्रमाण साठएक पाळ्यांतच बऱ्यापैकी स्थिर होतं, ते गेल्या वर्षापेक्षा वाढलंय का? आणि ताशी ९५ मैलांहून जोरात बसणाऱ्या फटक्यांचं प्रमाण घसरलंय का? दोन्ही बिघडलं असेल, तर तुमचा राग शंभर टक्के बरोबर आहे.

पैशाची बाजू अधिक कडू आहे. हंगाम साधारण १८७ दिवसांचा असतो आणि १७२ दिवस यादीत राहिलं की सेवेचं एक वर्ष भरतं. अशी सहा वर्षं भरली की खेळाडू हव्या त्या संघाशी करार करायला मोकळा. म्हणजे चांगल्या पोराला सुरुवातीचे दोन-सव्वादोन आठवडे खाली ठेवलं, की संघाला तो जवळजवळ एक वर्ष जास्त मिळतो. शिकागो कब्जच्या क्रिस ब्रायंटचं उदाहरण घ्या. २०१५ च्या सराव-हंगामात त्यानं ९ होमरन मारले, तरी त्याला ट्रिपल-ए मध्ये पाठवलं आणि १७ एप्रिलला वर आणलं. वर्षअखेर त्याची सेवा १७१ दिवस भरली. एक दिवस कमी! त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदितही तोच ठरला. त्यानं दाद मागितली, पण २०२० च्या सुरुवातीला निकाल विरोधात गेला आणि त्याचं मोकळं होणं एक वर्ष लांबलं. २०२२ च्या करारापासून नवोदितांच्या पुरस्कारात पहिल्या दोघांत येणाऱ्याला पूर्ण वर्ष मिळतं. सुधारणा चांगली आहे, पण ती मोजक्यांच्या पदरात पडते. बाकीच्यांच्या बाबतीत, एप्रिलमध्ये ‘त्याला क्षेत्ररक्षणावर अजून काम करायचंय’ असं निवेदन आलं की कॅलेंडर काढून दिवस मोजा.

बाकावर चारच जण का? आणि नवव्या इनिंगमध्ये कॅचरच्या जागी चांगला बॅटर का पाठवत नाहीत?
— एक वाचक, पंचवटी

सव्वीसमध्ये पिचर १३ पर्यंतच ठेवता येतात आणि बहुतेक संघ पूर्ण तेरा ठेवतात. उरले तेरा. त्यांतले नऊ डीएचसकट (डीएच म्हणजे पिचरच्या जागी फक्त बॅटिंग करणारा) खेळतात, म्हणून बाकावर चार. त्यांतला एक राखीव कॅचर. बेसबॉलमध्ये बाहेर गेलेला खेळाडू परत येत नाही. कॅचरच्या जागी बॅटर पाठवला की राखीव कॅचर आणावा लागतो, आणि त्याच्या बोटाला चेंडू लागला तर मास्क घालून बसायला कोणी उरत नाही. कॅचरची सवय नसलेला माणूस मागे बसला की चेंडू सुटतात आणि धावा जातात.

पिचर झक्कास टाकत असताना सहाव्या इनिंगला काढतात. हा कसला हट्ट?
— एक वाचक, गंगापूर रोड

एकाच सामन्यात बॅटरनं पिचरला तिसऱ्यांदा पाहिलं की त्याला चेंडू ओळखू येऊ लागतात. हा परिणाम खरा आहे आणि पिचर ताजातवाना असला तरी होतो. म्हणून दोन फेऱ्यांनंतर बदलाचा विचार करणं योग्यच. चूक होते ती कोणाला आणायचं यात.

२०२० च्या वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना आठवा. टँपा बेचा डावखुरा ब्लेक स्नेल, ७३ चेंडू, ५ इनिंग आणि एक आउट, २ हिट, ९ स्ट्राइकआउट, संघ १-० नं पुढे. डॉजर्सचे पहिले तिघे, मूकी बेट्स, कोरी सीगर आणि जस्टिन टर्नर, त्याच्यासमोर सहा वेळा आले आणि सहाही वेळा स्ट्राइकआउट झाले. क्रम फिरून तिसऱ्यांदा बेट्सवर येताच मॅनेजर केव्हिन कॅशनं स्नेलला काढलं आणि निक अँडरसनला आणलं. बेट्सनं डबल मारला, वाइल्ड पिचवर (कॅचरच्या आवाक्याबाहेर गेलेल्या चेंडूवर) आधीच बेसवर असलेला खेळाडू घरी येऊन बरोबरी झाली, सीगरच्या ग्राउंडरवर (जमिनीवरून गेलेल्या फटक्यावर) बेट्स धावत घरी आला आणि शेवटी डॉजर्स ३-१ नं जिंकले. त्या पोस्टसीझनमध्ये अँडरसन आधीपासून धावा देत होता, आणि २०२० पासून आलेल्या पिचरला किमान तीन बॅटर किंवा इनिंग संपेपर्यंत टाकावंच लागतं. म्हणजे समोर बेट्स, सीगर, टर्नर हे तिघे होतेच. आकड्यांचा तक्ता ‘बदल’ म्हणत होता, पण त्या रात्रीचा दमलेला बुलपेन (बदली पिचरांचा ताफा) तक्त्यात नव्हता. स्टार्टरला (सामना सुरू करणाऱ्या पिचरला) काढलं म्हणून चिडण्याआधी बुलपेनमधल्या माणसानं गेल्या तीन दिवसांत किती चेंडू टाकलेत ते पाहा.

शाळेच्या संघाची लाइनअप लावताना कोणत्या चुका टाळाव्यात?
— एक क्रीडाशिक्षक, सिन्नर

क्रम लावताना आउट कमी होणारी मुलं वर, एवढंच पुरे. सामने हातचे जातात ते लाइनअपच्या कार्डामुळे. कार्डावर नाव, शर्टाचा क्रमांक आणि जागेचा आकडा लिहा : पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, डावं आउटफिल्ड ७, मधलं ८, उजवं ९. आपल्याकडे एका संघात दोन पवार आणि दोन जाधव हमखास असतात. नुसतं ‘पवार’ लिहिलं की चौथ्याच्या जागी सातवा बॅट घेऊन उभा राहतो. आद्याक्षर लिहाच.

चुकीचा मुलगा बॅटिंगला गेलाय हे पाळी चालू असतानाच लक्षात आलं, तर घाबरू नका. योग्य मुलाला पाठवा, तो तेच बॉल-स्ट्राइक पुढे चालवतो. पाळी संपली आणि पुढचा चेंडू पडण्याआधी समोरच्यांनी अपील केलं, तर ज्याची पाळी होती तो मुलगा आउट, आणि चुकीच्या मुलाचा हिट रद्द. पुढचा चेंडू पडून गेला, तर सगळं कायम राहतं आणि क्रम त्या चुकीच्या मुलाच्या पुढून सुरू होतो. अंपायर स्वतःहून काही सांगत नाही. म्हणून डगआउटमध्ये एका मुलाला कार्डाची प्रत देऊन फक्त शर्टाचे क्रमांक वाचायला बसवा.

डीएच वापरत असाल, तर त्याला मधेच क्षेत्ररक्षणाला उभं करू नका. केलंत, तर डीएच त्या सामन्यापुरता गेला आणि ज्या मुलाला बाहेर काढलं, त्याच्या क्रमांकावर तुमच्या पिचरला बॅट घेऊन जावं लागेल. आणि मुलं सॉफ्टबॉलही खेळत असतील, तर आधीच समजावून सांगा : तिथे सुरुवातीच्या नऊतला खेळाडू बाहेर जाऊन एकदा परत येऊ शकतो, बेसबॉलमध्ये येत नाही.