नक्कल झोंबते, पण आधी प्रेझेंटेशनचा हिशेब मागा

ताई, आठ जणांच्या टीममध्ये माझ्या वंशाची मी एकटीच. मॅनेजर मीटिंगमध्ये माझ्या उच्चारांची नक्कल करतात, ‘तुमची माणसं अशीच’ म्हणतात, सगळे हसतात. चार महिन्यांत क्लायंटसमोरची तिन्ही प्रेझेंटेशन्स माझ्याहून नवख्या सहकाऱ्याला मिळाली. तक्रार करू, की राजीनामा देऊन मोकळी होऊ?
– घुसमटलेली

राजीनामा आत्ता नको. घाईघाईत त्यात ‘वैयक्तिक कारण’ लिहिलं जातं आणि पुढे तेच तुम्हाला वाचून दाखवतात.

तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत. नक्कल हा छळ. संधी न देणं हा वागणुकीतला भेद. पहिली जास्त झोंबते म्हणून माणूस तिच्यावरच भांडत बसतो, आणि ‘अहो, गंमत होती’ म्हणून सुटायला वाव नेमका तिथेच असतो. दुसरीला उत्तर द्यावं लागतं. त्यासाठी तुलना मांडा: तुमची आणि त्या सहकाऱ्याची अनुभवाची वर्षं, शेवटचं अप्रेझल, त्या क्लायंटचं आधी केलेलं काम, निवड कोणी केली. मग मॅनेजरना साधी ईमेल: ‘पुढच्या वेळी तयारी करता यावी म्हणून विचारते, या तीन वेळी निवड कशावरून झाली?’ उत्तर आलं तरी उपयोगाचं, नाही आलं तरी. दर वेळी वेगळं कारण आलं, तर फारच उपयोगाचं.

नकलेची नोंद त्याच दिवशी करा: तारीख, वेळ, हजर कोण, नेमके शब्द. ‘अपमानास्पद बोलले’ असं नको. वाक्य कितीही घाण असलं तरी जसंच्या तसं. नोंद ऑफिसच्या लॅपटॉपवर ठेवू नका, लॉगिन बंद झालं की गेली. पण क्लायंटच्या फायली स्वतःच्या मेलवरही पाठवू नका. गोपनीयतेचा भंग म्हणून कारवाई तुमच्यावरच व्हायची. चोरून रेकॉर्डिंग काही ठिकाणी गुन्हा ठरतं, आधी वकिलाला विचारा.

तक्रार लेखीच द्या, फार तर दोन पानं. ‘टीममधलं वातावरण बरोबर नाही’ असं लिहिलंत, तर एचआर दोघांना समोरासमोर बसवून समेट झाल्याची नोंद करून टाकेल. ‘वंशावरून भेदभाव’ हे शब्द पहिल्या दोन ओळींतच हवेत. तक्रारीनंतर कोणी सूड उगवला, तर तक्रार कशाबद्दल होती हेच पाहिलं जातं. चौकशी मॅनेजरच्या हाताखालच्या माणसाकडे नको, हेही लिहा.

सगळ्यात जास्त प्रकरणं मुदतीवर बुडतात. कंपनीची चौकशी चालू आहे म्हणून बाहेर, सरकारी यंत्रणेकडे तक्रार करायची मुदत थांबेलच असं नाही. अमेरिकेत ईईओसीकडे, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संस्थेकडे, साधारण १८० दिवसांत जावं लागतं. राज्याचाही भेदभावाविरुद्ध कायदा असेल तर ३००. तुमच्या देशातली मुदत याच आठवड्यात शोधा आणि पहिल्या प्रेझेंटेशनच्या तारखेपासून मोजा, शेवटच्या नव्हे.

आणि हो, हसणाऱ्यांपैकी कोणी नंतर ‘मला वाईट वाटलं गं’ असा मेसेज केला असेल, तर तो पुसू नका.