गड्ड्याला न गेलेली मुलगी

"वय 34, सोलापूर. लहानपण पूर्व भागात गेलं. वडील यंत्रमागावर कामाला, दारू पिऊन आईला मारायचे. मला दोनदा डिप्रेशन येऊन गेलं, आता तिसऱ्यांदा सुरू झालंय. सकाळी अंथरुणातून उठवत नाही. दोन वर्षांनी धाकटा भाऊ त्याच घरात वाढला, तो पुण्यात मजेत आहे. म्हणतो, 'मी विसरलो, तूही विसर.' लहानपणीच्या ताणानं मेंदूतल्या जोडण्याच बदलतात असं मोबाईलवर वाचलं आणि झोप उडाली. माझा मेंदू कायमचा बिघडलाय का?"

अगं, तुझं चार पानी पत्र मी दोनदा वाचलं. वडिलांवर दोन पानं आहेत, भावावर एक. माझं बोट अडलं ते तिसऱ्या पानाच्या तळाशी. तिथे तू जाता जाता लिहिलंयस, 'लेक नऊ वर्षांची आहे, फार समजूतदार. यंदा गड्ड्यालाही गेली नाही. आई, तू एकटी राहशील, म्हणाली.'

सोलापुरातलं नऊ वर्षांचं पोर संक्रांतीला होम मैदानावरच्या गड्ड्याच्या जत्रेला जात नाही, आकाशपाळणा सोडून आईच्या उशाशी बसतं, आणि तुला त्याचं कौतुक वाटतं? मला धस्स झालं.

कारण त्याच पानावर आणखी एक नऊ वर्षांची मुलगी आहे. रात्री वडिलांची पाळी सुटायच्या वेळी ती धाकट्याचं बोट धरून बोळ ओलांडायची, समोरच्या विड्या वळणाऱ्या मावशींच्या दारात त्याला सोडायची आणि परत यायची. आई एकटी राहील म्हणून. तो मावशींच्या सुपाशेजारी, तंबाखूच्या वासात सकाळपर्यंत गाढ झोपायचा. ती दाराच्या कडीकडे कान लावून जागी. मग तो 'त्याच घरात वाढला' कसा? रात्री तो त्या घरात नव्हताच. त्याच्यापाशी विसरायला कमी आहे, आणि ते तुझ्यामुळे.

हवाईतल्या कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा थेट मोठेपणापर्यंत मागोवा घेतला गेला. ज्यांच्या वाट्याला गरिबी, घरातली भांडणं, आईबापांची व्यसनं, आजारपणं एकदमच आली, त्यांतलीही साधारण एक तृतीयांश मुलं खंबीर निघाली. अशा मुलांना घरात नाहीतर शेजारीपाजारी एक तरी भरवशाचं, मायेचं माणूस लाभलेलं होतं. तुझ्या भावाला मावशी लाभल्या. तुला दार माहीत होतं, पण तू आत गेली नाहीस.

आता मेंदूचं. धोका जाणवला की अमिग्डाला नावाचा भाग घंटा वाजवतो, आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स ती शांत करतो. या दोघांमधली जोडणी लहानपणभर सावकाश पिकत जाते. तोवर घंटा शांत करायचं काम मोठ्या माणसाच्या कुशीचं. सुरुवातीचा काळ अनाथालयात काढलेल्या मुलांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात ही जोडणी वयाआधीच मोठ्यांसारखी झालेली दिसली. कूस नव्हती, म्हणून मेंदूनंच घाई केली. आणि त्या मुलांपैकी ज्यांची जोडणी अशी लवकर पिकली, त्यांना भीतीचा त्रास त्यातल्या त्यात कमी होता. याला बिघाड म्हणायचं? त्या रात्री निभावून न्यायला जे लागतं ते मेंदू करतो. पुढे त्याची किंमत मोजावी लागते, नैराश्याचा धोका वाढतो, हे खरंच आहे. पण या जोडण्या दगडावरची रेघ नव्हेत. औषधानं, समुपदेशनानं मोठेपणीही त्यांत फरक पडतो. दोनदा तू बाहेर आलीस की.

आणि आपण ज्याला 'समजूतदार' म्हणतो ना, ते पुष्कळदा असं घाईनं मोठं झालेलं लेकरू असतं.

'आई बिचारी' असं तू पत्रात सहा वेळा लिहिलंयस. मार तिनं खाल्ला, कबूल. पण 'तूही भावाबरोबर तिकडेच झोप' एवढं तिनं म्हणायला हवं होतं. ती म्हणाली नाही. आज तिच्या जागी तू आहेस, आणि तूही म्हणत नाहीयेस.

सोमवारी सकाळी सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीत जा. नवरा आठ-आठ दिवस गाडीवर असतो, म्हणून तू लेकीच्या शाळेचा खाडा करून तिलाच सोबत घेशील, हे मला इथे बसून दिसतंय. तिला नेऊ नकोस. आज भावाला फोन कर. 'विसर' म्हणाला तर त्याला तो बोळ आठवून दे, त्याचं बोट कोण धरायचं ते सांग, आणि म्हण, रविवारी ये, सोमवारी माझ्याबरोबर चल. तोवरची एखादी रात्र फार जड गेली तर 14416 वर टेली मानस या सरकारी हेल्पलाइनला फोन लाव. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात.

निघताना लेकीचं दप्तर तिच्या खांद्यावर दे आणि सांग, "आईजवळ मामा आहे. तू शाळेत जा, आणि संध्याकाळी खेळूनच घरी ये."