रॉकेलची इस्त्री घेतलीत? आधी हे वाचा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात इस्त्री मिळाली, अभिनंदन! कोळशाच्या घरोघरी सापडतात, पंपाने हवा भरायची इंधनाची टाकी असलेली क्वचितच. पण आज पेटवू नका.

पहिलं काम, इंधन ओळखा. इंग्लंडच्या टिलीची इस्त्री रॉकेलवर चालते, अमेरिकेच्या कोलमनची निळी ४ए नॅफ्थासारख्या हलक्या इंधनावर. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते: रॉकेलच्या टाकीत पेट्रोल ओततात. असं कधीच करू नका. शंका असेल तर टाकी रिकामी ठेवा, इस्त्री कपाटातही छान दिसते.

मग टाकी बघा. आपल्या दमट हवेत ती आतून गंजते, आणि गंजलेल्या टाकीत हवेचा दाब भरणं जिवावर बेतू शकतं. हलवून बघा, आत खपल्या वाजल्या तर पेटवायचा विचार सोडा.

बाकी थोडक्यात:
- पंपाचा चामडी वायसर सुकला असेल तर तेलात भिजवा.
- इनॅमलवर सँडपेपर नको, ओलं फडकं पुरे.
- जुन्या पॅकिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, खरवडू नका.

बर्नर उघडायची घाई नको. टाकी धुऊन फोटो टाका, पुढचं तेव्हा सांगतो.