राजगडाला स्वतःचं स्वतः जायचंय, कमी पैशात

जुलै २०२५ मध्ये बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, अकरा आपल्याकडचे, राजगड त्यातलाच, आणि एक तमिळनाडूतला जिंजी, आणि तेव्हापासून या पानावर राजगडाबद्दल विचारणारी पत्रं वाढलीयत. बहुतेकांचं म्हणणं एकच, पॅकेजवाले माणशी एवढे घेतात, आपलं आपण गेलं तर जमेल का? जमतं. मी जितक्या वेळा राजगडावर गेलोय त्यातल्या एक-दोन खेपा सोडल्या तर सगळ्या एसटीनं, म्हणून या वेळचं पान पूर्ण राजगडालाच देतोय.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र लातूरला कॉलेजात आहोत, ट्रेक कधीच केलेला नाही. पुण्यात मावसभावाच्या रूमवर राहायची सोय आहे. पुण्यापासून पुढे माणशी ५०० रुपयांत राजगड होईल का, का ग्रुपसोबतच जावं?

होईल, आणि ग्रुपची काही गरज नाही. ५०० मध्ये जरा ओढाताण होते, ६०० धरा म्हणजे वर एक लिंबू सरबत जास्तीचं पिता येईल.

स्वारगेटवरून वेल्ह्याला जाणारी एसटी पकडायची. आदल्या दिवशी संध्याकाळी स्टँडवर जाऊन चौकशीच्या खिडकीवर पहिली गाडी कितीची आणि परतीची शेवटची वेल्ह्याहून कितीला सुटते हे दोन्ही विचारून कागदावर लिहून घ्या, मोबाईलवर सापडलेल्या टाइमटेबलवर विसंबू नका, ती जुनी असतात. गाडी कात्रज, खेड शिवापूर करत नसरापूरला आत वळते आणि पुढे मार्गासनी येतं, तिथे उतरायचं. तिथून साखरमार्गे पायथ्याच्या गुंजवणे गावाला वडाप, म्हणजे माणशी पैसे घेणारी जीप, मिळतं. शनिवार-रविवारी पटकन भरतं, मधल्या वारी थांबावं लागतं, आणि अगदीच नाही मिळालं तर पायी दोन तास तरी जातात, म्हणून पहिल्यांदा जाताना सुट्टीचाच दिवस धरा. गर्दी असेल पण गाडी मिळेल, आणि वाट चुकायची भीती राहणार नाही.

गुंजवण्यातून चोर दरवाजाची वाट वर जाते. आधी झाडी, मग डोंगराची उघडी सोंड, तिथे ऊन अंगावर येतं, आणि शेवटी कातळाचा टप्पा. रेलिंग लावलेलं आहे, पण दुपारी ते इतकं तापतं की हाताला चटका बसतो, म्हणून सकाळी आठच्या आत चढायला लागा. धीम्यानं गेलात तर अडीच-तीन तास. कातळ संपला की समोर एक बुटका दरवाजा येतो, वाकूनच आत शिरावं लागतं, आत दोन पावलं अंधार, मग चिंचोळ्या पायऱ्या, आणि डोकं वर काढलं की एकदम समोर पद्मावती तलाव. इतक्या वेळा गेलो तरी तिथे पोचलं की मी आधी पाच मिनिटं नुसता बसतो.

खर्चाचं सांगायचं तर मागच्या डिसेंबरात आम्ही चौघं गेलो तेव्हा एसटी आणि वडाप धरून जाऊन-येऊन माणशी साडेतीनशेच्या आसपास गेले, जेवण आणि ताक-सरबत धरून सहाशेच्या आत सगळं झालं. तुमच्यासोबत एखादी मैत्रीण किंवा बहीण असेल तर एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, तेवढे आणखी वाचतील. घरून चपाती-चटणी जरूर न्या, पण एक वेळचं जेवण गडावरच करा, कारण गावातल्या बायका पीठ, कांदे, ताकाची कॅन डोक्यावर घेऊन तीच वाट चढून येतात जी चढताना आपण चार वेळा बसतो, आणि त्यांच्या पिठलं-भाकरीचे पैसे द्यायला घासाघीस करणं मला पटत नाही. पॅकेजच्या पैशातलं गावात किती उतरतं देव जाणे, हे मात्र थेट त्यांच्या हातात जातं.

पाणी माणशी तीन लिटर. हे जड होतं म्हणून लोकं एक बाटली घेऊन येतात आणि सोंडेवर अर्ध्यातच संपवतात.

परतीचं सगळ्यात महत्त्वाचं. दुपारी दोनला काहीही झालं तरी उतरायला लागायचं. आम्ही एकदा संजीवनी माचीवर (माची म्हणजे गडाच्या माथ्याखालची तटबंदीची लांब सपाटी) रमलो, उतरताना एकाचा पाय मुरगळला, मार्गासनीला पोचलो तर शेवटची गाडी गेलेली, डिसेंबरातली थंडी आणि फाट्यावर चिटपाखरू नाही. शेवटी एका टेम्पोवाल्यानं भाजीच्या क्रेटवर बसवून नसरापूरपर्यंत सोडलं आणि पैसे घेतले नाहीत, त्याचे उपकार मी विसरणार नाही, पण असा माणूस दर वेळी भेटतोच असं नाही.

प्रश्न : वडील ६८ वर्षांचे आहेत, लहानपणापासून राजगड बघायची इच्छा, पण गुडघे दुखतात. त्यांना नेता येईल का? स्वतःची गाडी नाही. (वाचक, सोलापूर)

न्या, पण गुंजवण्याच्या वाटेनं नको, पालीच्या बाजूनं न्या. वाजेघर-पालीकडून पाली दरवाजाला येणारी वाट म्हणजे गडाचा जुना राजमार्गच, पायऱ्यांची, रुंद आणि सगळ्यात सोपी. सोपी म्हणजे सपाट नाही, चढ आहेच, पण कातळाला चिकटून चढावं लागत नाही. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड मात्र सोबत ठेवा. पाली गावापर्यंत थेट गाडी मिळवणं अवघड जातं, म्हणून तुमच्या बाबतीत मी पैसे वाचवायला सांगणार नाही, नसरापुरातून पायथ्यापर्यंत जीप ठरवा आणि परतीची वेळ त्याच ड्रायव्हरला सांगून ठेवा.

काठी द्या, घाई करू नका आणि बालेकिल्ल्याचा, म्हणजे गडाच्या सगळ्यात उंच भागाचा, हट्ट धरू नका. तो चढ उभा आहे, पायऱ्या झिजलेल्या आहेत, आणि दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जास्त जड जातं. पद्मावती माचीवरच त्यांचं मन भरेल. पद्मावती देवीचं देऊळ, तलाव, रामेश्वराचं मंदिर आणि देवीच्या देवळासमोरची सईबाईंची समाधी. सईबाई सप्टेंबर १६५९ मध्ये याच गडावर गेल्या, संभाजीराजे तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षांचे, आणि अफजलखान चालून आलेला होता. पुढच्या दोन महिन्यांत प्रतापगड घडला. हे वडिलांना माहीत असणारच, पण त्या समाधीशेजारी बसून त्यांच्याच तोंडून ऐका.

प्रश्न : मी २४ वर्षांची, मुंबईत नोकरी करते. सोबत कोणी तयार नाही, एकटीनं गेले तर चालेल का? लोकं ग्रुप जॉइन कर म्हणतात.

चालेल. मी ओळखीपाळखीतल्या दोन मुलींना हाच सल्ला दिलेला आणि त्या जाऊन आल्या. फक्त चार गोष्टी सांभाळा.

रविवारी जा, मधल्या वारी किंवा पावसात एकटीनं नको. तो धोका माणसांचा कमी आणि पाय घसरून पडलात तर हाक ऐकायला कोणी नसण्याचा जास्त आहे. मुंबईहून आदल्या रात्रीच पुण्यात या, कारण सकाळी निघून त्याच दिवशी गड करून परत पुणं गाठायचं म्हणजे सगळी धावाधाव. पुणे स्टेशनवरून स्वारगेटला आता मेट्रो आहे, मध्ये सिव्हिल कोर्टला बदलायची, पण मेट्रो सहाला सुरू होते, एसटी त्याआधीची असेल तर रिक्षाचे पैसे बाजूला ठेवा. गुंजवण्यात उतरलात की कुठल्याही घरी चहा सांगा आणि वर जातेय, अमुक वाजता खाली येईन असं सांगून ठेवा. गावात वाटाड्या म्हणून कोणी ना कोणी येतं, पैसे आधी ठरवून घ्या, आणि हे पैसे वाचवायच्या यादीत टाकू नका. घरच्यांना मार्गासनी, गुंजवणे ही नावं लिहून द्या, आणि ११२ नंबर लक्षात असू द्या.

प्रश्न : गडावर पद्मावती देवळात मुक्काम करता येतो असं काका सांगतात. आम्ही सहा जण तंबू घेऊन जाऊ का?

काकांच्या वेळी करता यायचा, आम्हीही त्या देवळात कितीतरी रात्री काढल्यात, थंडीत एकमेकांना चिकटून झोपलोय. आता पुरातत्त्व विभागानं गडावरचा मुक्काम बंद केलाय, तंबू नको आणि चूलही नको. वाईट मलाही वाटलं, पण सोमवारी सकाळी तलावाच्या काठाला पडलेल्या प्लेटा आणि राख मी बघितलीय, त्यामुळे का बंद केलं हे विचारावं लागत नाही. पायथ्याच्या गावांत घरगुती राहायची आणि जेवायची सोय होते, शनिवारी संध्याकाळी पोचा, तिथे झोपा आणि पहाटे उजाडताना चढायला लागा. सहा जणांत जीपही परवडते.

प्रश्न : मागच्या वर्षी ग्रुपसोबत राजगडला गेले. खरं सांगू का, नुसते दगड आणि पडक्या भिंती दिसल्या. फोटो काढले, खाली आलो. परत जावं असं काही आहे का तिथे? (वाचिका, नाशिक)

तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं, तुमच्यावर राग म्हणून नाही, तर गड तुम्हाला दाखवलाच गेला नाही म्हणून. तीन माच्या आणि बालेकिल्ला तीन तासांत उरकायचा असेल तर दगडच दिसणार.

परत जा, या वेळी आपल्या वेळेनं, आणि फक्त संजीवनी माचीला दिवस द्या. ही माची जवळपास अडीच किलोमीटर लांब पसरलीय आणि तिची तटबंदी दुहेरी आहे, म्हणजे आतली भिंत, बाहेरची भिंत, आणि मधे चिंचोळी बोळ. एखाद्या बुरुजापाशी पायऱ्यांचं भुयारासारखं तोंड दिसेल, त्यातून भिंतीला हात लावत खाली उतरा. खाली उभं राहिलं की दोन्ही खांदे जवळजवळ भिंतींना लागतात, वर आभाळाची पट्टी, बाहेरचा वारा एकदम बंद. आता विचार करा की तुम्ही शत्रू आहात, मोठ्या मुश्किलीनं बाहेरची भिंत ओलांडून इथे उडी मारलीय, हातात लांब तलवार आहे पण फिरवायला जागा नाही, आणि आतल्या भिंतीवर मावळा उभा आहे. नंतर वर येऊन तटाच्या वळणांकडे बघा, डोंगराची धार जशी वळते तशी भिंत वळलीय, एक दगडही धारेच्या विरोधात बसवलेला नाही. आधी हा मुरुंबदेवाचा डोंगर होता, त्याचा गड कसा झाला ते इथे कळतं.

पंचवीसेक वर्षं राजधानी इथे होती, रायगड त्यानंतरचा. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले द्यावे लागले, जे बारा राखले त्यात हा होता. आग्र्याहून सुटून महाराज आले ते इथेच, १६७० मध्ये राजाराम महाराज जन्मले तेही इथेच. बालेकिल्ल्याच्या महादरवाजात अफजलखानाचं शीर पुरलं असं सांगतात. मला मात्र सगळ्यात जवळचे वाटतात ते वाड्याचे जोते, नुसते गुडघाभर उंचीचे चौथरे राहिलेत, त्यांवर चालत खोली कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते हे पायानं मोजत जाता येतं. एकदा मोजून बघाच.

आणि वेळ उरला तर सुवेळा माचीवरचं नेढं, डोंगराच्या कातळाला आरपार पडलेलं भोक. त्यात बसलं की दोन्हीकडून वारा येतो. तोरणा किल्ला बघायचा तर आभाळ स्वच्छ असताना संजीवनी माचीवरून बघा.

प्रश्न : मधमाश्यांची भीती वाटते. उपाय?

बालेकिल्ल्याच्या कड्याला आग्यामाशीची पोळी असतात, हल्ले झालेले आहेत, तेव्हा भीती वाटते ते बरंच आहे. त्या दिवशी सेंट, डिओ, वासाचं तेल काही लावू नका, गडावर सिगारेट किंवा धूर अजिबात नको, आरडाओरडा आणि शिट्ट्या नकोत, ड्रोन तर नाहीच. पूर्ण बाह्यांचा फिका शर्ट घाला आणि पिशवीत एक जुनी पातळ चादर ठेवा. माश्या उठल्याच तर हात झाडू नका, चादरीनं तोंड-मान झाका आणि तिथून लांब व्हा, पण कड्याच्या बाजूला पळू नका. ज्यांना डंखाची ॲलर्जी आहे त्यांनी डॉक्टरला विचारून औषध सोबतच न्यायचं.

प्रश्न : बूट कुठले घ्यावेत? दोन-तीन हजारांचे परवडत नाहीत.

तळाला खोल खाचा असलेले साधे ट्रेकिंगचे बूट घ्या, दुकानात ओल्या फरशीवर उभं राहून बघा, घसरत असतील तर परत ठेवा. जॉगिंगचे गुळगुळीत झालेले बूट चोर दरवाजाच्या कातळावर नकोत. नवीन घेतलेत तर आठवडाभर आधी घालून फिरा, म्हणजे फोड गडावर येणार नाहीत, आणि नखं कापून जा, उतरताना अंगठा पुढे आपटतो.