कोकणात कॅनव्हास टिकवायचा तर आधी त्याची पाठ सांभाळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्याहून गुहागरला राहायला आलात, तेलरंगात काम करता, आणि दुकानातून आणलेले तयार कॅनव्हास दोन पावसाळ्यांत ढिले पडून मागून बुरशी धरली. आता कापड कोणतं घ्यावं, की सरळ प्लायवर रंगवावं?

मी मालवण तालुक्यात कौलारू घरात राहते आणि तेलरंगच वापरते, त्यामुळे हे सगळं भोगून झालं आहे. एका जुलैमध्ये भिंतीवरून तीन फुटी चित्र उतरवलं. पुढून काहीच बिघडलेलं नव्हतं. उलटं केलं, तर चौकटीला लागून राखाडी-हिरवे ठिपके, बोट लावलं की पूड निघत होती. प्रत्येक स्टेपलर पिनेभोवती गंजाचा तांबूस डाग कापडात पसरलेला. भिंत जांभ्याची, पावसाचा मार खाणारी. बुरशी कुठे होती? कापड जिथे चौकटीच्या लाकडाला चिकटून बसलं होतं, नेमकी तिथे. आपण पुढच्या बाजूला तीन-तीन हात देतो आणि पाठ उघडी टाकतो. कोकणात दमट हवा मागूनच शिरते.

कापडाचं आधी सांगते. सुती कॅनव्हास ओलाव्याबरोबर आकसतो आणि सैलावतो. लिननचे धागे लांब आणि मजबूत, ते ताण जास्त चांगला धरतात, पण लिननला बुरशी लागत नाही असं मुळीच नाही. तेही शेवटी झाडाचंच सूत. पॉलिएस्टर किंवा पॉलिएस्टर-सुती मिश्र कॅनव्हास मिळाला तर मोठ्या चित्रासाठी जरूर घ्या, हवेतल्या ओलाव्याचा त्याच्यावर फार कमी परिणाम होतो. सुतीच घ्यायचा असेल तर कोरा, घट्ट विणीचा, १० ते १२ औंसाचा. सरावासाठी मांजरपाट चालतो, मात्र आधी गरम पाण्यात धुऊन त्याची खळ पूर्ण काढा. ती खळ म्हणजे बुरशीचं जेवण.

त्याच कारणासाठी सरस नको. जुन्या युरोपीय पद्धतीत कापडाला सशाच्या कातडीचा सरस देत. तो आपल्याकडच्या दमट हवेत ओलावा पिऊन मऊ पडतो, कापडाचा ताण जातो आणि वरचा रंग पुढे तडकू शकतो. लाकूडकामाचा पांढरा गोंदही वापरू नका, दमटपणात तो पुन्हा मऊ होतो. पहिला हात अ‍ॅक्रिलिक मीडियमचा, म्हणजे रंग न घातलेल्या पातळ अ‍ॅक्रिलिक चिकाचा, द्या. हा हात हवाच, कारण जवसाचं तेल सुकताना आम्लधर्मी होतं आणि कोऱ्या कापडात मुरलं तर धागे कुजवतं. त्यावर अ‍ॅक्रिलिक जेसोचे (रंग धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या अस्तराचे) तीन पातळ हात, एक आडवा, एक उभा, पुन्हा आडवा. पाणी जेसोच्या चौथाईपेक्षा जास्त घालू नका, नाहीतर थर कच्चा राहतो. दोन हातांच्या मध्ये २२० नंबरचा पॉलिश पेपर हलका फिरवा. भिंतीचा प्रायमर किंवा डिस्टेंपर स्वस्त पडतो, पण तो भिंतीसाठी बनवलेला असतो. ताणलेल्या, हलणाऱ्या कापडावर माझा त्यावर अजिबात भरवसा नाही.

मग पाठ. चौकटीवर ताणण्याआधी कापडाच्या मागच्या बाजूलाही मीडियमचा एक पातळ हात द्या आणि पूर्ण सुकू द्या. चौकटीचं लाकूड मुरलेलं हवं. सुताराला सांगून पुढच्या बाजूला रंधा मारून आतल्या कडेकडे उतार काढून घ्या, म्हणजे कापड फक्त बाहेरच्या धारेवर टेकतं आणि मध्ये हवा खेळते. त्या चौकटीलाही चारही बाजूंनी वार्निश. कोपऱ्यांत पाचरी बसतील अशी खाच ठेवायला सांगा. पावसानंतर कापड सैल झालं तर पाचर थोडी ठोकून ताण परत आणता येतो. तीन फुटांपेक्षा मोठं असेल तर मध्ये आडवी पट्टी हवीच. ताणताना प्रत्येक बाजूच्या मध्यापासून सुरुवात करून समोरासमोर कोपऱ्यांकडे जा. पिना स्टेनलेसच्या, नाहीतर तांब्या-पितळेच्या चुका, म्हणजे बारीक खिळे. साध्या लोखंडी पिना खाऱ्या वाऱ्यात एक पावसाळा काढत नाहीत.

आता प्लाय. दोन फुटांपर्यंतच्या चित्रांसाठी मी आता तोच घेते. आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) छापलेला मरीन प्लायच घ्या. हार्डबोर्ड आणि एमडीएफ कडेकडून पाणी ओढून फुगतात. प्लायच्या वरच्या पापुद्र्याला कालांतराने बारीक चिरा जातात, म्हणून त्यावर मीडियमनेच पातळ सुती कापड चिकटवा, मग जेसो. लाकडातला पिवळट रस वर येऊ नये म्हणून कापडाआधी मीडियमचे दोन हात. आणि मागची बाजू, चारही कडा, सगळं तितक्याच हातांनी बंद करा. एकाच बाजूला थर दिला तर फळी वाकते.

आपल्या सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, बघा. तिथे पत्त्याला चिंचोक्याची खळ आणि खडूचा लेप देऊन, घोटून, रंगवून वर लाख चढवतात, आणि पाठही मोकळी सोडत नाहीत. चिंचोक्याची खळ बुरशीला आवडतेच, पण लाखेखाली ती बंद राहते. मला कडा आणि पाठ बंद करण्याची अक्कल तिथूनच आली.

दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडे एसीपी शीटचे उरलेले तुकडे मागून बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये प्लास्टिक, साधारण ३ मिलिमीटर जाडी. दमट हवेत ते न फुगतं, न वाकतं. वरची प्लास्टिकची फिल्म सोलून पृष्ठभाग पॉलिश पेपरने चमक पूर्ण जाईपर्यंत घासा, स्पिरिटने पुसा, मग जेसो. एका कोपऱ्यावर आधी करून बघा. आठवड्याने नखाने खरवडून निघालं नाही तर पुढे जा.

हे सगळं कधी करायचं, हे कापडाइतकंच महत्त्वाचं आहे. दिवाळी ते शिमगा हा सर्वांत चांगला काळ. फार तर मे. आगोटीला जसं मीठ-मिरची, आमसुलं भरून ठेवतो, तसे मी पावसाळ्यात लागणारे सगळे कॅनव्हास मेअखेर तयार करून ठेवते. पडवीत सावलीला सुकवा, खळ्यातल्या उन्हात नको. वरची साय पटकन धरते आणि आतून थर ओला राहतो. शेवटच्या हातानंतर आठवडाभर थांबून मगच तेलरंग लावा.

भिंतीवर लावताना मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, बोटभर फट राहायला हवी.

आता बुरशी धरलेली ती चित्रं. ओल्या फडक्याने पुसू नका, बुरशी आणखी पसरेल. कोरड्या दिवशी तोंडाला मास्क लावून बाहेर न्या, सावलीत पालथी ठेवून मऊ ब्रशने पूड झाडा. काही दिवस पंख्याखाली सुकू द्या. गंजलेल्या पिना एकेक करून बदला, सगळ्या एकदम काढल्या तर ताण सुटून रंग तडकेल.