अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाचे माजी फुटबॉल प्रशिक्षक जो पॅटर्नो यांचा हटवलेला पुतळा पुन्हा उभारावा का?

नाही. ग्रंथालयाला त्यांचं नाव आहे ते राहू द्यावं, 409 विजय त्यांच्या खात्यावर आहेत तेही राहू द्यावेत. पुतळा मात्र नको. मी स्वतः पेन स्टेटचा विद्यार्थी, त्यामुळे हे वाचून माझे काही जुने मित्र भडकतील याची कल्पना आहे. भडकू देत.

तुम्ही विचारलंय की मुलांवर लैंगिक अत्याचार करणाऱ्या सहकाऱ्याच्या पापाची शिक्षा पॅटर्नोंना का, आणि मेलेल्या माणसाचा पुतळा उखडणं हा अन्याय नाही का. प्रश्न रास्त आहे. पण हे प्रकरण ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जावं लागेल. (हे फुटबॉल म्हणजे मेस्सीचं नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचं ते.)

स्टेट कॉलेज नावाचं गाव पेनसिल्व्हेनिया राज्याच्या बरोबर मध्यावर, डोंगररांगांच्या कुशीत आहे. वस्ती चाळीसेक हजार. आणि तिथल्या बीव्हर स्टेडियममध्ये माणसं बसतात एक लाख सहा हजारांहून जास्त, म्हणजे तीन वानखेडे मावतील. सामन्याच्या शनिवारी बाहेरून येणारी गर्दी गावाच्या दुपटीहून जास्त असते. विद्यापीठ हाच गावाचा उद्योग आणि फुटबॉल हाच त्याचा उत्सव. या गावात पॅटर्नो 1950 मध्ये साहाय्यक म्हणून आले, 1966 मध्ये मुख्य प्रशिक्षक झाले आणि नोव्हेंबर 2011 पर्यंत त्याच पदावर राहिले. शेहेचाळीस हंगाम! 1982 आणि 1986 अशी दोन राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली. जाड भिंगांचा चष्मा, घोट्याच्या वर दुमडलेली पँट, काळे बूट, पांढरे मोजे. विद्यापीठाजवळच्या साध्या घरात राहायचे. खेळाडूंनी वर्गातही उत्तीर्ण व्हायला हवं, नुसतं मैदानात धावून चालणार नाही, हा त्यांचा आग्रह होता, आणि त्याला ते ‘ग्रँड एक्सपेरिमेंट’ म्हणायचे. पती-पत्नींनी मिळून विद्यापीठाला चाळीस लाख डॉलरच्या वर देणगी दिली. 2000 साली उघडलेल्या पॅटर्नो लायब्ररीचं नाव त्यातून आलं. फुटबॉल प्रशिक्षकाचं नाव ग्रंथालयाला, असं अमेरिकेत क्वचितच सापडेल. त्या इमारतीत मीही भरपूर वेळ काढलाय, कामाचा थोडा आणि झोपेचा जास्त.

आता पुतळा. 27 ऑक्टोबर 2001 ला ओहायो स्टेटला हरवून पॅटर्नोंनी 324 वा विजय मिळवला आणि अलाबामा विद्यापीठाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट यांचा विजयांचा विक्रम मोडला. पुढच्याच महिन्यात स्टेडियमबाहेर सात फुटी ब्राँझचा पुतळा उभा राहिला. वजन चारशे किलोंच्या वर. उजव्या हाताचं बोट उंचावून धावणारे पॅटर्नो आणि मागे दगडी भिंतीवर कोरलेले चार खेळाडू. भिंतीवर त्यांच्या नावाखाली शब्द होते: शिक्षक, प्रशिक्षक, मानवतावादी. माणूस हयात, पदावर, पुढची दहा वर्षं त्याच पुतळ्यासमोरून कामाला जाणार.

आणि याच 2001 सालात आणखी एक गोष्ट घडली होती. 9 फेब्रुवारीच्या रात्री संघाच्या लॉकर रूममध्ये माइक मॅक्वेरी या कनिष्ठ साहाय्यकाने जेरी सँडस्कीला एका लहान मुलाबरोबर शॉवरखाली पाहिलं. सँडस्की म्हणजे पॅटर्नोंचा वर्षानुवर्षांचा उजवा हात, बचावफळीचा प्रशिक्षक. 1999 मध्ये निवृत्त झालेला, पण इमारतीत येण्या-जाण्याची मुभा असलेला. गरजू मुलांसाठी 1977 पासून त्याने एक संस्था चालवली होती आणि मुलं त्याला तिथूनच मिळत होती. मॅक्वेरी दुसऱ्या दिवशी सकाळी पॅटर्नोंच्या घरी गेला आणि काय पाहिलं ते सांगितलं. पॅटर्नोंनी ते क्रीडा संचालक टिम कर्ली आणि उपाध्यक्ष गॅरी शुल्ट्झ यांच्या कानावर घातलं. पोलिसांना कुणीच कळवलं नाही. सँडस्कीला फक्त एवढंच सांगितलं गेलं की मुलांना आमच्या आवारात आणू नकोस. म्हणजे बाहेर?

फेब्रुवारीत ही गोष्ट कानावर आली आणि नोव्हेंबरमध्ये ‘मानवतावादी’ ही अक्षरं भिंतीवर चढली. माझं सगळं मत या दोन तारखांवर उभं आहे.

दहा वर्षं हे झाकून राहिलं. 5 नोव्हेंबर 2011 ला सँडस्कीला अटक झाली. चार दिवसांनी विश्वस्तांनी पॅटर्नोंना काढून टाकलं, तेही रात्री फोन करून. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, एका वृत्तवाहिनीची गाडी उलटी केली. (पिडलेल्या मुलांसाठी त्या रात्री कुणी गाडी उलटी केली नाही, हे मला आजही खटकतं.) 22 जानेवारी 2012 ला पॅटर्नो फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. जूनमध्ये सँडस्की 48 पैकी 45 आरोपांवर दोषी ठरला, दहा मुलांच्या बाबतीत. 30 ते 60 वर्षांचा तुरुंगवास झाला.

पॅटर्नोंच्या बाजूचे लोक जे मुद्दे मांडतात ते पोकळ आहेत असं मी म्हणणार नाही. विद्यापीठाने एफबीआयचे माजी प्रमुख लुई फ्री यांच्याकडून चौकशी करून घेतली. 12 जुलै 2012 च्या त्यांच्या अहवालात पॅटर्नोंसह चौघांनी जाणूनबुजून प्रकरण दडपलं असा ठपका होता. पॅटर्नो कुटुंबाने 2013 मध्ये त्याला उत्तर म्हणून स्वतःचा अहवाल काढला आणि अमेरिकेचे माजी ॲटर्नी जनरल डिक थॉर्नबर्ग यांनी फ्रींचे निष्कर्ष पुराव्यापेक्षा पुढे गेल्याची टीका केली. फ्री यांची पॅटर्नोंशी गाठ पडलीच नाही, हेही खरं. कायद्याने पाहिलं तर पॅटर्नोंनी वरिष्ठांना कळवलं होतं आणि त्यांच्यावर कधी आरोपपत्र ठेवलं गेलं नाही.

ठीक आहे, फ्री अहवाल बाजूला ठेवू. पॅटर्नोंची स्वतःची साक्ष घेऊ. जानेवारी 2011 मध्ये ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरायचा का हे ठरवणारं नागरिकांचं मंडळ) त्यांनी शपथेवर सांगितलं की मॅक्वेरीने जे सांगितलं ते लैंगिक स्वरूपाचं होतं. आणि लगेच का कळवलं नाही, तर शनिवार होता, लोकांच्या सुट्टीत व्यत्यय नको म्हणून. हे त्यांच्याच तोंडचं आहे, कुणा शत्रूने चिकटवलेलं नाही. त्याच फेब्रुवारीच्या शेवटी कर्लींनी पाठवलेल्या एका ईमेलमध्ये असं आहे की बालकल्याण खात्याला कळवायचा बेत आधी ठरला होता, पण ‘जो’शी बोलल्यावर आपलं मन बदललं. त्या बोलण्यात पॅटर्नो नक्की काय म्हणाले यावर वकील अजून भांडू शकतील. बेत मात्र बदलला.

आणि ‘वरिष्ठ’? त्या गावात पॅटर्नोंना वरिष्ठ कोण होतं? 2004 मध्ये संघ हरत होता, तेव्हा विद्यापीठाचे अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर आणि हेच कर्ली पॅटर्नोंच्या घरी गेले, आता निवृत्त व्हा अशी गळ घालायला. पॅटर्नोंनी दोघांना परत पाठवलं आणि पुढे सात वर्षं खुर्ची सोडली नाही. अध्यक्षाला जो दारातून परत पाठवू शकतो, त्याने पोरांच्या बाबतीत ‘मी वर कळवलं, माझं काम संपलं’ म्हणावं? त्यांनी पुन्हा एकदा नुसतं विचारलं असतं, त्या मुलाचं पुढे काय झालं, तर सगळी इमारत हलली असती. ते विचारलं नाही. सँडस्की मात्र पुढची कित्येक वर्षं त्याच व्यायामशाळेत येताना दिसत राहिला. नोकरी जायच्या दिवशी पॅटर्नोंनी स्वतः निवेदनात म्हटलं की मागे वळून पाहता मी आणखी काही करायला हवं होतं. कर्ली आणि शुल्ट्झ यांनी पुढे 2017 मध्ये मुलांना धोक्यात घातल्याचा गुन्हा कबूल केला, आणि स्पॅनियर यांनाही त्याच प्रकारच्या एका आरोपावर दोषी ठरवलं गेलं.

म्हणजे पॅटर्नो राक्षस होते का? मला तसं वाटत नाही. बऱ्याच बाबतीत ते चांगले होते, म्हणूनच तर त्यांच्या एका फोनला एवढी किंमत होती.

मग ग्रंथालयाचं नाव का चालतं? कारण ते नाव एका कृतीची नोंद आहे: यांनी पैसे दिले, गोळा केले, इमारत झाली. 2001 मध्ये काय झालं त्याने ती नोंद खोटी पडत नाही. पुतळ्याचं तसं नाही. तो अख्ख्या माणसाची हमी देतो, आणि इथे तर भिंतीवर तसं लिहूनच ठेवलं होतं. अलाबामाचा हिशेब त्यापेक्षा सरळ आहे. तिथे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकणाऱ्या प्रशिक्षकाचा पुतळा स्टेडियमबाहेर लागतो. निक सेबन पदावर असतानाच 2011 मध्ये त्यांचा लागला. मला पदावरच्या माणसाचा पुतळा पटत नाही, पण निदान तो पुतळा करंडकाविषयी बोलतो, चारित्र्याविषयी नाही. आपल्याकडे रमाकांत आचरेकर सरांचं स्मारक शिवाजी पार्कात झालं ते सर गेल्यावर जवळजवळ सहा वर्षांनी, डिसेंबर 2024 मध्ये. उशीर झाला म्हणून तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. मला तो उशीर बरा वाटतो.

पुतळा हटवण्याची रीत मात्र आपल्याकडच्यासारखीच होती. आधी आकाशात विमान फिरलं, मागे फलक: पुतळा काढा, नाहीतर आम्ही काढू. काही विद्यार्थी राखण करायला पुतळ्यापाशी मुक्काम ठोकून बसले. मग 22 जुलै 2012 ला, रविवारी सकाळी, कुंपण घालून, निळ्या कापडाआड झाकून तो उचलून नेला आणि अज्ञात ठिकाणी ठेवला. नवे अध्यक्ष रॉडनी एरिक्सन म्हणाले की पुतळा फूट पाडतोय आणि जखम भरू देत नाही. ग्रंथालयाचं नाव मात्र तसंच राहील. त्या सगळ्या गोंधळात डोकं ठिकाणावर ठेवून घेतलेला एवढाच एक निर्णय मला दिसतो. दुसऱ्याच दिवशी एनसीएए या क्रीडा संघटनेने सहा कोटी डॉलरचा दंड ठोकला आणि 1998 पासूनचे विजय पुसून टाकले. सामने तर झाले होते, पोरं तर खेळली होती; निकाल पुसून कुणाला न्याय मिळाला? ते विजय 2015 मध्ये परत दिले गेले, हे योग्यच झालं. पण विजय परत आले म्हणून पुतळाही परत यावा, ही उडी मला मान्य नाही.

गावातल्या एका भित्तिचित्राची गंमत सांगतो. पॅटर्नो गेल्यावर चित्रकाराने त्यांच्या डोक्यामागे तेजोवलय रंगवलं आणि फ्री अहवालानंतर स्वतःच पुसलं. सहा महिन्यांत संतपद आलं आणि गेलं. रंग होता म्हणून भागलं, ब्राँझला क्रेन लागते.

ते ब्राँझ कोठारातून काढायचंच असेल तर विद्यापीठाच्या क्रीडा संग्रहालयात, आत ठेवा. उंच चबुतरा नको, मानवतावादी वगैरे नको. शेजारी फेब्रुवारी 2001 आणि नोव्हेंबर 2001 असं दोन्ही लिहा. आणि त्याआधी, ज्या मुलांना विद्यापीठाने दहा कोटी डॉलरहून जास्त भरपाई दिली, त्यांच्यापैकी जे बोलायला तयार असतील त्यांना विचारा. माजी विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले नऊ विश्वस्त मंडळावर असतात आणि त्यांच्या निवडणुकांत हा विषय वारंवार निघतो. तुम्ही स्वतः पेन स्टेटचे असाल तर तिथे तुमचं मत टाका. माझं कुठे जाणार ते तुम्हाला कळलंच आहे.